साडेबाराची तक्रार

"कसं काय?" असं विचारलं की माणसं "बरं आहे" म्हणतात आणि पुढे जातात. प्रभाकर ठोसर थांबायचे. हातमोजे काढायचे, चष्म्यावरचं धुकं पुसायचे आणि खरं उत्तर द्यायचे.

आर्नहेम या डच गावातल्या ऑफिसातला माझा पहिला आठवडा होता, जानेवारी होता. लिफ्टमध्ये मराठी माणूस भेटला म्हणून मी हौसेने विचारलं. लिफ्ट पाचव्या मजल्यावर पोचली, दार उघडलं, बंद झालं आणि आम्ही पुन्हा खाली आलो. तोवर मला कळलं होतं की बाहेर उणे तीन आहे पण वाऱ्यामुळे उणे नऊ वाटतं, सायकलच्या कुलुपात बर्फ होऊन किल्ली अडकते, त्यावर फुंकर घालायला गेलं तर ओठ चिकटतो, आणि नाक गळायला लागलं तर रुमाल काढायला हातमोजा काढावा लागतो, तो काढला की बोटं जातात. "म्हणजे नाक की बोटं, हे रोज सकाळी ठरवायचं," ठोसर म्हणाले. "बाकी उत्तम. तुझं नाव काय म्हणालीस?"

मी म्हटलं, मुक्ता. मूळची ठाण्याची. नवऱ्याच्या नोकरीमागे आले, तीन वर्षं घरी बसून काढली आणि आता कुठे काम मिळालंय. ते म्हणाले, "तीन वर्षं घरात होतीस, तेच बरं होतं. घरात वारा नसतो."

ठोसर तेव्हा पंचावन्नचे असतील. मूळचे चिंचवडचे. विजेच्या जाळ्याचा हिशोब ठेवणारी जी प्रणाली आमची कंपनी चालवायची, तिच्या पोटात काय आहे हे नीट माहीत असलेले दोनच लोक होते. त्यातले एक निवृत्त झाले होते आणि दुसरे ठोसर. दिसायला उंच, जरा वाकलेले. डोक्यावर तपकिरी माकडटोपी, तिच्यावर रेनकोटाची टोपी, आणि दोन्हींमधून बाहेर आलेलं लालभडक नाक. ऑफिसातली डच मुलं त्यांना नुसतं प्रभाकर म्हणायची. तेवीस वर्षांचं पोरगं "मॉर्गन, प्रभाकर" असा सकाळचा नमस्कार ठोकून पाठीवर थाप मारून जायचं, तेव्हा ठोसर माझ्याकडे बघून भुवई वर करायचे. पण त्याची तक्रार मात्र त्यांनी कधी केली नाही. त्यांच्या तक्रारींना काही दर्जा होता.

सगळ्यात जुनी आणि लाडकी तक्रार चढाची होती. हा सगळा देश पोळपाटासारखा सपाट. लोक शंभर शंभर किलोमीटर सायकल हाणतात तरी चढ लागत नाही. पण आर्नहेमला थोड्या टेकड्या आहेत, आणि ठोसरांनी बारा वर्षांपूर्वी घर घेतलं ते नेमकं त्यातल्या एकीवर. "एजंट म्हणाला, व्ह्यू आहे. मी म्हटलं वा. उन्हाळा होता, गाडीतून गेलो होतो. चढ आहे हे पहिल्या दिवशी सायकल काढली तेव्हा समजलं." त्यात वारा. जाताना समोरून आणि येतानाही समोरून. हे शास्त्रात बसत नाही असं मी एकदा म्हटलं, तर ते म्हणाले, "तू शास्त्र घेऊन माझ्याबरोबर संध्याकाळी चल."

नोव्हेंबर लागला की अंधाराची तक्रार सुरू व्हायची. सकाळी निघताना काळोख, परतताना काळोख. "मधला दिवस कुठे ठेवतात, एकदा खेमेन्तेत जाऊन विचारायला हवं." खेमेन्ते म्हणजे इथली नगरपालिका. तिथे काहीही विचारायचं तर आधी वेळ घ्यावी लागते, हेही ते लगेच जोडायचे.

जेवणावर तर ते हळहळायचेच. बारा वाजता सगळं ऑफिस थंड ब्रेडवर थंड चीजची चकती ठेवून वर थंड ताक प्यायचं. ठोसर मेथीची भाजी आणि पोळी गरम करून आणायचे आणि त्या रांगेकडे आजाऱ्याकडे बघावं तसं बघायचे. जेवण झालं की साडेबाराला थर्मास घेऊन खाली जायचे. रस्त्यापलीकडे स्टेशन, आणि स्टेशनाबाहेर खेमेन्तेचा सायकलतळ, पत्र्याचं छप्पर असलेला. तिथे आडोशाला उभे राहायचे. पाऊस असो, बर्फ असो, अर्धा तास. मला वाटायचं, चोरून सिगारेट ओढत असतील. मी काही विचारलं नाही.

त्यांचा खोकल्याचा प्रसंग ऑफिसात अजून सांगतात. हाउसआर्ट्स म्हणजे इथला गल्लीतला डॉक्टर. त्याच्याकडे जायचं तर आधी फोनवर एका बाईची परीक्षा पास व्हावी लागते. ती विचारते किती दिवस झाले, ताप किती, आणि शेवटी सांगते की पॅरासिटामॉल घ्या, दोन आठवड्यांनी बघू. ठोसर दोनदा नापास झाले. मग त्यांनी रीतसर तयारी केली. अठरा दिवस सकाळ, दुपार, संध्याकाळ किती वेळा खोकला आला हे नोंदवून त्याचा रंगीत आलेख काढला आणि तो घेऊन गेले.

डॉक्टर आलेख बघून खूश झाला. इतका खूश की शेजारच्या खोलीतल्या शिकाऊ डॉक्टरणीला बोलावून दाखवला. दहा मिनिटांची वेळ असते, त्यातली आठ आलेखात गेली. मग त्याने शेवटच्या रेघेवर बोट ठेवलं. "ही बघा, खाली येतेय. तुमचा खोकला बरा होतोय. अभिनंदन."

"माझ्याच आलेखाने माझा घात केला," ठोसर म्हणाले. हे सांगताना ते खोकत होते. पण मला आठवतं, त्या दिवशी साडेबाराला खाली गेले ते दीड वाजता वर आले, आणि चेहरा असा की जणू डॉक्टरने सगळी औषधं दिली आहेत.

दुसरा प्रसंग शेजारच्या मीकेबाईंच्या साठीचा. ठोसरांना आणि त्यांच्या बायकोला, वसुधावहिनींना, दुपारी तीनचं आमंत्रण. साठी म्हटल्यावर ठोसर सकाळपासून उपाशी. वहिनींनी पन्नास करंज्या केल्या. तिथे खुर्च्या गोलाकार मांडलेल्या. आत गेल्यावर आधी बाईंचं अभिनंदन, मग त्यांच्या नवऱ्याचं, बहिणीचं, बहिणीच्या नवऱ्याचं. "त्या माणसाने काय केलं होतं म्हणून त्याचं अभिनंदन? तोही माझं करून गेला." मग बसायचं. कॉफी आणि केकचा एक तुकडा. मग पुन्हा कॉफी. करंज्यांचा डबा मीकेबाईंनी फार प्रेमाने घेतला, दोनदा थँक्यू म्हणाल्या आणि कपाटात ठेवून दिला. ठोसर अडीच तास त्या कपाटाकडे बघत बसले. साडेपाचला सगळे एकदम उठले, कारण आता जेवायची वेळ झाली होती, म्हणजे आपापल्या घरी.

"बायकोच्या करंज्या माझ्या डोळ्यांदेखत आत गेल्या," ते म्हणाले, "आणि घरी येऊन आम्ही खिचडी टाकली."

खरं सांगायचं तर त्या वर्षी मीच इतकी कंटाळलेली होते की ठोसरांच्या तक्रारींचा मला आधार वाटायचा. माझं तोंड थंडीने मिटलेलं असायचं, ते माझ्या वाटचंही बोलायचे. पण हे सगळं कशासाठी चाललंय याचा पत्ता मला मे महिन्यात लागला.

मे महिना फार सुंदर आला. दहा दिवस सलग ऊन. लोक दुपारी तीनला कामावरून उठून नदीकाठी जाऊन बसत होते. आणि ठोसर कासावीस. अकराव्या दिवशी माझ्या टेबलाशी आले आणि हळूच म्हणाले, "मुक्ता, तुझ्याकडे काही आहे का?"

"काय?"

"तक्रार. कसलीही चालेल. पण खरी हवी."

मग त्यांनी सांगितलं. चिंचवडला त्यांचे वडील, अण्णा. कारखान्यात फोरमन होते, अठ्ठ्याऐंशीचे. चार वर्षांपूर्वी आई गेली तेव्हापासून एकटे. स्वयंपाकाच्या मावशी येऊन जातात. आई गेल्यावर अण्णा बोलेनासेच झाले. ठोसर रोज फोन करायचे. मी बरा आहे म्हटलं की अण्णा म्हणायचे, "बरं आहे ना? ठेव मग." एक मिनिटही नाही. एकदा गारांनी ठोसरांचा चष्मा फुटला आणि वैतागून ते फोनवर या देशाला नावं ठेवत सुटले. तर अण्णा हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदा. आणि वीस मिनिटं बोलले.

"तेव्हापासून रोज एक तरी नेतो," ठोसर म्हणाले. "आमचे साडेबारा म्हणजे त्यांचे चार. चहाची वेळ. हिवाळ्यात ही मंडळी घड्याळ मागे करतात, मग त्यांचे पाच होतात, चहा होऊन गेलेला असतो. त्यावरही ते चिडतात. म्हणतात, आज वेळ बदलली, उद्या वार बदलतील. चिडले की चांगले बोलतात."

माझ्याकडे एक होती. आमची जुनी गादी. मोठा कचरा टाकायचा तर इथे खेमेन्तेकडून तारीख घ्यावी लागते. ती मी घेतली होती, पण एक दिवस आधीच गादी खाली नेऊन ठेवली. संध्याकाळी दाराखालून चिठ्ठी आली: गादी आज नाही, उद्या. खाली हसरा चेहरा काढलेला. तोवर पाऊस येऊन गेला होता. ती भिजलेली गादी मी आणि माझ्या नवऱ्याने तीन जिने चढवून पुन्हा वर आणली आणि रात्रभर न्हाणीघरात उभी करून ठेवली.

ठोसरांचे डोळे चमकले. "रात्रभर न्हाणीघरात?" एवढंच विचारून ते थर्मास घेऊन निघाले.

पाऊण तासाने वर आले. "अण्णा म्हणतात, तिथे गादीला तारीख घ्यावी लागते तर माणूस वारल्यावर काय करतात." मग मीही पुरवायला लागले. सायकलचं भिजलेलं सीट, प्लास्टिकची पिशवी घातली तर ती घसरून पडते, नाही घातली तर दिवसभर बसायची सोय नाही. फलाटावर उभं असताना गाडी रद्द झाल्याचं अतिशय मंजुळ आवाजात सांगणारी बाई. एकदा ठोसरांनी सायकलतळावरून मला फोन जोडून दिला. पलीकडून घोगरा, करारी आवाज आला, "कोण? मुक्ता का? गादीवाली?" मी हो म्हटलं. "सुकली का गं शेवटी?"

त्यानंतर डिसेंबर आला. धड पाऊस नाही आणि धड बर्फ नाही असं काहीतरी आठवडाभर पडत होतं. एक दिवस ठोसर दहा मिनिटांत वर आले. कोट न काढता माझ्या समोरच्या खुर्चीत बसले. खालच्या सतरंजीवर पाणी ठिबकत होतं.

"मुक्ता, मी फसलो."

"काय झालं?"

"अण्णा म्हणाले, प्रभ्या, बास झालं आता. इतका त्रास काढू नकोस. परत ये."

ते माकडटोपी पिळत होते.

"आता काय सांगू त्यांना? मला इथे त्रास नाहीये गं. म्हणजे आहे, थंडी आहे, सगळं आहे, पण मला सवय झाली त्याची. वसुधाला दहा वर्षांनी बालवाडीत काम मिळालंय, पोरं तिला सोडत नाहीत. मुलगी, रिया, युट्रेख्टला शिकतेय, तिला तर मराठीत विचारलं की ती डचमध्ये उत्तर देते. रविवारी मी मुद्दाम तो चढ चढून जातो, काम नसताना. मला आवडतं इथे. पण हे त्यांना कसं सांगायचं? इतकी वर्षं रडून दाखवलं आणि आता सांगू की मी मजेत आहे, तुमच्यापासून लांब?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी अण्णांना कळवलं, येतो. परत येतो म्हणाले नाहीत, नुसतं येतो म्हणाले. तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागायला मॅनेजरकडे गेले आणि दोन मिनिटांत बाहेर आले. "भांडायच्या तयारीने गेलो होतो," ते म्हणाले. "मी वडील म्हटलं, तो लगेच हो म्हणाला. या लोकांचं काही कळत नाही."

निघायच्या दिवशीही अर्धा दिवस काम केलं. वहिनी बॅगा घेऊन थेट स्टेशनावर येणार होत्या. सायकल तळावर राहणार होती. एकाच जागी फार दिवस उभी दिसली तर खेमेन्ते तिला कागद बांधते आणि मग उचलून नेते. म्हणून मला किल्ली दिली. "आठवड्यातून एकदा जागा बदल. स्टँड डावीकडून लाथ मारल्याशिवाय बसत नाही. आणि घंटी वाजवू नकोस, पडेल."

तीन महिने मी दर शुक्रवारी एका माणसाची सायकल इथून तिथे हलवत होते. पुरुषी सायकल, माझ्यासाठी फार उंच. बर्फात, वाऱ्यात, हात गारठून. मनातल्या मनात तक्रार तयार व्हायची आणि सांगायला कुणी नसायचं. चिंचवडहून अधूनमधून मेसेज यायचे. "इथे चौदा अंशाला लोक स्वेटर घालतात. लाजिरवाणी गोष्ट म्हणजे मलाही थंडी वाजतेय." मग मेसेज आखूड होत गेले. दहाव्या आठवड्यात एक आला: "अण्णा सकाळी गेले. झोपेत."

मार्चअखेर ठोसर परत आले. त्या दिवशी गारा पडत होत्या. ते लिफ्टमध्ये शिरले, निथळत होते, केस काढलेल्या डोक्यावर खुंट उगवायला लागले होते. काय बोलावं हे न कळून मी सवयीने विचारलं, "कसं काय?"

"ठीक आहे," ठोसर म्हणाले.

मला रडू आलं. लिफ्ट पाचव्या मजल्यावर थांबली आणि आम्ही दोघं उतरलो.

साडेबाराला ते थर्मास घेऊन निघाले तेव्हा मीही मागोमाग गेले. सायकलतळावर त्यांनी झाकणात चहा ओतून मला दिला आणि आपणहून सांगितलं.

"सांगायचंच ठरवून गेलो होतो. धीर होत नव्हता. एक दिवस त्यांच्या पायाची नखं कापत होतो, खाली मान होती, तेव्हा बोलून टाकलं. म्हटलं, अण्णा, मला तिथे तसा काही त्रास नाही. तर म्हणाले, माहीत आहे."

"माहीत होतं?"

"म्हणाले, तुझ्या आवाजावरून कळत नाही का? खरा त्रास असलेला माणूस इतका रंगवून सांगत नाही. मी म्हटलं, मग परत ये का म्हणालात? तर म्हणाले, तुला बघायचं होतं." ठोसर थांबले. चष्मा पुसला, पण त्यावर धुकं नव्हतं. "मी म्हटलं, अहो, पण मग रोज अर्धा अर्धा तास ऐकलंत कशाला? तर म्हणाले, वसुधा कामाला जाते, पोरगी लांब. परमुलखात तुला मन मोकळं करायला कुणी नाही असं वाटलं. म्हणून ऐकायचो. नाहीतर मला काय करायचंय तुझ्या डॉक्टरशी."

स्टेशनातली ती बाई गाडी रद्द झाल्याचं मंजुळ आवाजात सांगत होती. आम्ही दोघांनी ते ऐकलं आणि मी झाकणातला चहा संपवला.

त्यानंतर ठोसर सगळ्यांना हवेहवेसे झाले. कुणी विचारलं तर बरं आहे म्हणायचे. थंड ब्रेडवाल्यांच्या रांगेकडे बघायचे नाहीत. मॅनेजर मला म्हणाला, प्रभाकर आता किती पॉझिटिव्ह झालाय. मला त्याच्या डोक्यात थर्मास घालावासा वाटला. मी आपल्या परीने प्रयत्न केले, अगदी ठेवणीतल्या तक्रारी काढल्या. ते ऐकायचे, मान डोलवायचे, "असतं तसं," म्हणायचे. साडेबाराला मात्र खाली जायचेच. फोन खिशात ठेवून उभे राहायचे, चहा संपला की वर यायचे.

नोव्हेंबरात आम्ही बेस्ट नावाच्या दुसऱ्या गावी राहायला गेलो. नवऱ्याची नोकरी तिकडे, मलाही जवळ काहीतरी मिळालं. आर्नहेमच्या ऑफिसातला माझा शेवटचा दिवस असा उगवला की त्या गावाने जणू काही शिल्लकच ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. चार वाजता काळोख. वारा इतका की छत्री उघडणाऱ्याची कीव यावी. आधी पाऊस, मग गारा, मग दोन्ही. ठोसर मला स्टेशनपर्यंत सोडायला आले. माझं खोकं त्यांच्या हातात होतं आणि खोक्याचा तळ भिजून सुटत चालला होता.

सायकलतळावर आलो तर वाऱ्याने एक सायकल पडून तिच्यासकट सगळी रांग आडवी झालेली. ठोसरांची तळाशी. आम्ही दोघांनी मिळून अकरा सायकली उचलल्या. त्यांची हाती आली तेव्हा घंटी पडून गेली होती आणि सीटवर गारांचा छोटा ढीग होता. तेवढ्यात स्टेशनातली ती बाई गोड आवाजात म्हणाली की माझी गाडी रद्द झाली आहे. खोक्याचा तळ निसटला, माझा कप खाली पडून फुटला.

ठोसर उभे राहिले. आडव्या येणाऱ्या गारांकडे, फुटलेल्या कपाकडे, घंटी गेलेल्या सायकलकडे त्यांनी नीट, सावकाश बघून घेतलं. काही सुटू नये म्हणून बघावं, तसं. नाकातून पाणी गळत होतं, पण हातमोजा काही त्यांनी काढला नाही.

"मुक्ता," ते म्हणाले, "आज अण्णा तासभर बोलले असते."

मग त्यांनी हाताने सीट झटकलं, टोपी कानांवर ओढली आणि सायकल ढकलत चढाच्या दिशेने निघाले. वारा समोरूनच होता.